पऱ्यावर बॅटरी चार्ज करायची आहे, भंगारातली कुठली मोटर घेऊ?

वरचीवाडीकर
नमस्कार मंडळी. आमची वाडी साखरप्याच्या वर, आंबा घाटाच्या पायथ्याला. जून लागला की लाईटचं काही खरं नसतं, कुठे फांदी पडते, कुठे पोल कलतो, आणि आम्ही लाईनच्या टोकाला म्हणून नंबर सगळ्यात शेवटी. घरात इन्व्हर्टर आहे, १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी आहे, पण बॅटरी भरायलाच लाईट नसेल तर त्या इन्व्हर्टरची पूजा करू काय?
घराच्या मागून पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा जातो. मृगाचा पाऊस नीट झाला की दिवाळीपर्यंत दणकून पाणी, पुढेही असतं पण बारीक. वरून काळा पाईप टाकून खाली चाक फिरवायचं आणि मोटर उलटी वापरून बॅटरी चार्ज करायची असं डोक्यात आहे. देवरुखच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे फेरी मारली, त्याच्याकडे आहेत: ट्रेडमिलची मोटर (पट्टीवर १३० व्होल्ट डीसी, ६७५० आरपीएम), दोन वायपर मोटरी, मारुतीचा अल्टरनेटर, मिक्सरच्या मोटरी ढिगाने, सीलिंग फॅन, आणि एका इलेक्ट्रिक स्कूटरचं मागचं चाक मोटरसकट. ट्रेडमिलवाली दिसायला दणकट आहे आणि अडीच एचपी लिहिलंय, तीच उचलावी असं वाटतंय. कुणी केलं असेल तर सांगा.

चाकरमानी_डोंबिवली
सायकल जोडा काका. सकाळी तासभर पेडल मारा, पोटही कमी होईल आणि बॅटरीही भरेल 😄

निवृत्त_मास्तर
चाकरमानी, गंमत बाजूला ठेवून हिशोब करा. साधा माणूस दमसास ठेवून तासभर ७५ ते १०० वॉट देतो, त्यातले बॅटरीत पोचतात फार तर ६०-६५. १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे १८०० वॉट-तास. म्हणजे रिकामी बॅटरी भरायला २७-२८ तास पेडल. पोट नक्की कमी होईल.

देवगडचो_वारो
ती मिक्सराची मोटर घेव नको हां, तिच्यात मॅगनेटच नसतत. फिरव फिरव फिरवशीत, शून्य व्होल्ट.
वाऱ्याचा बघ ना त्यापेक्षा. आमच्या देवगडाक पवनचक्क्ये उभे आसत ते काय उगाच नाय.

घाटमाथ्यावरचा
अल्टरनेटर घ्या डोळे झाकून. कुठेही मिळतो, आत एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर आहे, व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर आहे, १४.२-१४.४ ला आपोआप थांबतो, बॅटरी उकळायची भीती नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात कुणीही पुली बदलून देईल.

वाइंडिंगवाला
चिपळूणला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आमचं, असली चौकशी घेऊन दर पावसाळ्यात कोणीतरी येतंच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

भंगारवाल्याकडे उभं राहून पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे मोटरीत कायमचे मॅग्नेट आहेत की नाहीत. शाफ्ट हाताने फिरवा, मग मोटरीच्या दोन्ही वायरी एकमेकांना चिकटवा आणि परत फिरवा. मॅग्नेटवाली असेल तर लगेच जड लागते, हाताला कळतं. काहीच फरक नाही पडला तर ठेवून द्या. मिक्सर, ड्रिल, ग्राइंडर या युनिव्हर्सल मोटरी, बाद. साधा सीलिंग फॅन, वॉशिंग मशीनची जुनी मोटर, पाण्याचा पंप या इंडक्शन, त्यांना कपॅसिटर लावून खेळ करता येतो पण बॅटरी चार्जिंगसाठी ती डोकेदुखी आहे. नवीन बीएलडीसी पंखा मात्र वेगळा, त्याच्या रोटरला मॅग्नेट असतात आणि तो हळू फिरूनही व्होल्ट देतो, फक्त मूळ पंखाच ३० वॉटच्या आसपासचा, त्याच्याकडून दोनशे वॉट मागू नका. वायपर मोटरीत मॅग्नेट आहेत पण पुढे वर्म गिअर आहे, तो बाहेरच्या बाजूने फिरतच नाही, गिअर काढून टाकला तर खेळण्याएवढी ताकद उरते.

दुसरी गोष्ट, आणि खरं तर हीच मुख्य. एचपी बघू नका. ट्रेडमिलच्या पट्टीवरचे एचपी विकण्यासाठी लिहिलेले असतात. बघायचं ते हे की हजार आरपीएमला मोटर किती व्होल्ट देते. तुमची ट्रेडमिल १३० व्होल्टला ६७५०, म्हणजे हजाराला साधारण १९ व्होल्ट. पट्टीवरचा आकडा लोडवरचा असतो त्यामुळे प्रत्यक्षात किंचित जास्त मिळेल, पण अंदाजाला पुरे. १२ च्या बॅटरीत करंट ढकलायचा तर नुसते १२ व्होल्ट चालत नाहीत, बॅटरीचेच चार्जिंगला १४ च्या वर, डायोडमध्ये पाऊण एक व्होल्ट, आणि मोटरीच्या स्वतःच्या वाइंडिंगमध्ये पडतात ते वेगळे.

आता तुमचं चाक किती आरपीएमने फिरणार ते सांगा. ते माहीत नसताना मोटर घेणं म्हणजे नवऱ्या मुलाचं माप न घेता शेरवानी शिवणं. पाणी किती, उतार किती, पाईप किती इंची आणि किती लांब, पऱ्यापासून घर किती लांब, एवढं मोजून आणा.

घाटमाथ्यावरचा
वाइंडिंगवाले, अल्टरनेटरबद्दल काहीच बोलला नाहीत.

वाइंडिंगवाला
बोलतो. अल्टरनेटर इंजिनवर बसवायला बनवलेला आहे, इंजिनच्या पुलीवरून तो दुप्पट-तिप्पट वेगाने पळतो. हजार-बाराशे आरपीएमच्या खाली जवळजवळ काहीच देत नाही. त्यात मॅग्नेट नाहीत, मॅग्नेटचं काम करणाऱ्या फील्ड कॉइलला बॅटरीतूनच दोन-तीन अँप द्यावे लागतात, म्हणजे तुमच्याकडे ताकद दोनशे वॉटची असेल तर त्यातले तीस-चाळीस चहापाण्यालाच गेले. आणि रात्री पाईपात पाला अडकून चाक थांबलं तर फील्ड चालूच, रात्रभर बॅटरी उलटी उतरत राहणार. डिझेल इंजिन किंवा पेट्रोलचा छोटा पंप असेल तर अल्टरनेटरसारखं दुसरं काही नाही, हे मान्य.

देवगडचो_वारो
आणि वारो? माका कोण उत्तरच देयना.

निवृत्त_मास्तर
वाऱ्याचं सांगतो. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनात वाढते, आणि घनातच कमी होते, ते लोक विसरतात. २ मीटर व्यासाचा पंखा, वारा सेकंदाला ५ मीटर, तर पंख्याच्या वर्तुळातून जातात २३५ वॉट, घरगुती पंखा त्यातला पाव भाग पकडेल, म्हणजे ६०. वारा ३ मीटरवर आला की ते होतात १२-१३. देवगडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, समुद्राकडे तोंड करून हे जमतं. घाटाच्या पायथ्याशी, चहूबाजूंनी झाडं, दरीतून वारा कधी या बाजूने कधी त्या बाजूने, तिथे पंखा नुसता माना हलवत बसेल. शिवाय मनोऱ्याचं काय? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे सिमेंटचे विजेचे पोल मोडले होते, तिथे आपल्या जीआय पाइपाच्या मनोऱ्याची काय कथा.

देवगडचो_वारो
बरा मास्तर, पटला. पण माझ्याकडे सडो आसा 😎

वरचीवाडीकर
मंडळी, मोजमाप करून आलो. मेव्हणा गवंडी आहे, त्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपाने टप्प्याटप्प्याने वरच्या कोंडीपासून चाकाच्या जागेपर्यंत उतार मोजला, बरोबर १० मीटर भरला. पाणी सगळं एका पाइपातून वळवून २०० लिटरच्या पिंपात सोडलं, ४० सेकंदात भरलं. हे आत्ताचं, पाऊस सुरू असतानाचं. पाईप लागेल ६० मीटर, माझ्याकडे दोन इंची काळा पडलेला आहे. चाकाच्या जागेपासून घर १०० मीटर, थोडं कमीच.
आणि हो, त्या शॉर्ट करून फिरवण्याच्या टेस्टमध्ये ट्रेडमिल आणि स्कूटरचं चाक पास, बाकी सगळे नापास.

निवृत्त_मास्तर
वा, असं मोजून येणारे विद्यार्थी मिळाले असते तर निवृत्ती घेतली नसती.
सेकंदाला ५ लिटर, १० मीटर. कागदावर ५ × १० × ९.८१ म्हणजे ४९० वॉट. पण दोन इंची पाईप विसरा. ५ लिटर पाणी दोन इंची पाइपातून ६० मीटर नेलं तर सुमारे ७ मीटर उतार नुसता घर्षणात जातो, चाकाला राहतील ३. तेच तीन इंची पाइपात फक्त १ मीटर जातो. काळा पाईप घेताना बाहेरचा व्यास छापलेला असतो हे लक्षात ठेवा, ७५ मिमीचा म्हणून घ्याल आणि आतून निघेल ६५-६६. ९० चा घ्या. पैसा घालायचा तर पाइपात घाला, मोटर त्यामानाने फुकट आहे.
९ मीटर राहिले असं धरू. नोझलमधून जेट सेकंदाला १३ मीटरने सुटेल. चाकाचे कप जेटच्या निम्म्या वेगाने पळाले की जास्तीत जास्त ताकद मिळते, म्हणजे साडेसहा मीटर. २० सेंटिमीटर व्यासाचं चाक असेल तर ६२० आरपीएम, ३० सेंटिमीटरचं असेल तर ४१५. नोझल साधारण २२ मिमी. पुढचं वाइंडिंगवाल्यांनी बोलावं.

वाइंडिंगवाला
मास्तर, अर्धं काम केलंत.
ट्रेडमिल: ६२० ला साधारण १२ व्होल्ट. म्हणजे बॅटरीत एक अँपसुद्धा जाणार नाही. बेल्ट लावून वेग वाढवू म्हणाल, तर तेही बघू. असल्या मोटरीचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास असतो. तुम्हाला हवे १३ अँप, मग मोटरीच्या पोटातच १३ व्होल्ट पडणार, वर बॅटरीचे १४ आणि डायोड, म्हणजे आतून २८ व्होल्ट तयार व्हायला हवेत, तेव्हा १४५० आरपीएम. आणि १३ × १३ × १ म्हणजे १६९ वॉट मोटर तापवण्यात गेले. जेवढे बॅटरीला तेवढेच जवळजवळ उष्णतेला. मोटर वाईट नाही, ती जास्त व्होल्टची आहे आणि तुम्ही तिला १२ व्होल्टचं काम सांगताय एवढंच. (आणि तिचं फ्लायव्हील आट्यांवर बसवलेलं असतं, उलट्या दिशेने फिरवलं तर सुटून बाहेर येऊ शकतं, कुणी घेतलीच तर सांभाळा.)

रेझिस्टन्स मोजायचाय कुणाला तर साधा मल्टिमीटर एक ओहमच्या खाली खोटं बोलतो. ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब मोटरीच्या सिरीजमध्ये लावून १२ च्या बॅटरीला जोडा, शाफ्ट पक्कडीने धरून ठेवा, करंट मोजा, मोटरीच्या दोन टोकांवरचे व्होल्ट मोजा, भागाकार करा. शाफ्ट थोडा थोडा फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा कारण कार्बन कुठल्या पट्टीवर बसलाय त्यावर आकडा हलतो.

आता स्कूटरचं चाक. ते ४८ व्होल्टचं असणार बहुतेक. तीन जाड वायरी आणि पाच बारीक. बारीक वायरी हॉल सेन्सरच्या, त्या आपल्याला नको, कापू नका, गुंडाळून ठेवा. तीन जाड वायरींना थ्री फेज ब्रिज, म्हणजे एसीचं डीसी करणारा डायोडचा ठोकळा, बाजारात तयार मिळतो, ३५ अँपचा घ्या. भंगारवाल्याकडेच ब्रिज लावून चाक सेकंदाला एक फेरा या हिशोबाने हाताने एकसारखं फिरवा आणि डीसी व्होल्ट सांगा.

वरचीवाडीकर
पोरगा मोबाईलवर सेकंद मोजत होता आणि मी फिरवत होतो, भंगारवाला आमच्याकडे बघत होता. साडेचार व्होल्टच्या आसपास येतात, थोडं खालीवर.

वाइंडिंगवाला
उत्तम. ब्रिजमध्ये १.४ व्होल्ट जातात ते मिळवा, ५.९. एक फेरा सेकंदाला म्हणजे ६० आरपीएम. हजाराला ९८ व्होल्ट झाले. ट्रेडमिलच्या पाचपट! ३० सेंटिमीटरच्या चाकाला, ४१५ आरपीएमवर, ४० व्होल्ट. हेच घ्या.

घाटमाथ्यावरचा
अहो पण बॅटरी १२ ची आणि ४० व्होल्ट काय करायचे? बॅटरी सरळ जोडली तर चाक बॅटरीच्या व्होल्टला अडकून हळू होईल आणि पाणी नुसतं आपटत राहील.

वाइंडिंगवाला
सरळ नाही जोडायची. १०० मीटर अंतर विसरलात. ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, जाऊन येऊन २०० मीटर, रेझिस्टन्स ०.८६ ओहम. १२ व्होल्टवर १३ अँप आणायचे तर केबलमध्येच ११ व्होल्ट खलास. ४० व्होल्टवर तीच ताकद पाच अँपच्या आत येते आणि पडतात ४ व्होल्ट. म्हणून ब्रिज चाकाजवळ, तिथून दोन वायरींनी ४० व्होल्ट डीसी घरापर्यंत, आणि घरात बॅटरीच्या शेजारी सोलरचा एमपीपीटी कंट्रोलर, तो ४० चे १४ करतो आणि अँप वाढवतो. एमपीपीटीच पाहिजे, साधा पीडब्ल्यूएम (जो व्होल्ट न बदलता बॅटरी सरळच जोडतो) घेतलात तर घाटमाथ्यावरच्यांनी सांगितलं तेच होईल.

एक मोठी अडचण आहे ती आत्ताच सांगतो. बॅटरी भरली की कंट्रोलर करंट घेणं थांबवतो. सोलर पॅनलला त्याचं काही वाटत नाही, पाण्याच्या चाकाला वाटतं. लोड गेला की चाक जवळजवळ दुप्पट वेगाने पळतं, म्हणजे व्होल्ट ८०-८५. १०० व्होल्टचा एमपीपीटी कसाबसा वाचेल, १५० व्होल्टवाला घ्या, पैशाचा फरक आहे पण जळाला तर दोन घ्यावे लागतील. आणि ६० च्या वर डीसी, पावसात, ओल्या हाताने, हा खेळ नाही. ब्रिज आणि जोड बंद डब्यात, केबल पाइपातून, गुरं पोरं जातात त्या वाटेवर उघडी तार नको.

निवृत्त_मास्तर
त्यावर उपाय डंप लोड. बॅटरीवर व्होल्टेज रिले लावा, १४.४ ला चालू १३.४ ला बंद असा, एमपीपीटीची मर्यादा त्याच्या किंचित वर ठेवा, आणि रिलेवर हेडलाइटचे ५५ वॉटचे तीन बल्ब. जास्तीची वीज तिथे जळेल, चाकावर लोड कायम राहील. लोक विचारतात पाणी तापवायची कॉइल लावू का. घरातली १००० वॉटची २३० व्होल्टवाली कॉइल १४ व्होल्टवर पावणेचार वॉट घेते, चमचाभर पाणी तापणार नाही.

चाकरमानी_डोंबिवली
एवढं सगळं करून शेवटी मिळणार किती? मी पॅनल लावतो ना गणपतीला आलो की.

निवृत्त_मास्तर
४४० वॉट चाकाला. घरी बनवलेलं चाक ६० टक्के, मोटर सत्तरच्या थोडं वर, केबल आणि कंट्रोलर वजा. १६५ वॉट बॅटरीत, म्हणजे १२ अँप. १५० एएचच्या बॅटरीला हा चार्जिंगचा वेग अगदी योग्य. आणि हे रात्रंदिवस, दिवसाला जवळपास ४ युनिट. आषाढात ढगाखाली पॅनल काय देतं ते गणपतीला येणाऱ्यांना कळायचं नाही, जुलैत या.

चाकरमानी_डोंबिवली
🙏 कोयनेचे १९६० मेगावॅट, त्यातले बरेचसे आपल्याच चिपळूण तालुक्यात पोफळी-अलोरेला होतात, आणि आपण पऱ्यावर १६५ वॉट मोजतोय.

घाटमाथ्यावरचा
चाक मी बघतो. हब मोटरीत, म्हणजे त्या स्कूटरच्या चाकातल्या मोटरीत, मधला एक्सल थांबलेला असतो आणि बाहेरचं कवच फिरतं, म्हणजे कपांची चकती थेट कवचाच्या स्पोकच्या भोकांना बोल्टने बसते. कवचाला वेल्डिंग अजिबात करू नका, आतले निओडिमियमचे मॅग्नेट साधारण ८० डिग्रीच्या पुढे ताकद सोडायला लागतात, सगळी चकती आधी वेल्ड करून मग बसवा. कपांना स्टीलचे मोठे डाव कापून वापरतात लोक, जेट जरा तिरका मारायचा, पण मग मास्तरांचे ६० टक्के सोडा, ४५ धरा. मधे धार असलेले खरे पेल्टनचे कप ओतून घेतले तर ६० मिळतील. लेथवर एकदा फिरवून बॅलन्स बघा.

देवगडचो_वारो
माझा एक ऐका. आमच्याकडे खारी हवा, निओडिमियमवरचो निकेलाचो थर जरा खरचटलो की आत गंज धरता आणि पापुद्रे सुटतत. ट्रेडमिलातले काळे फेराइट गंजत नाय. तुमच्याकडे खार नाय पण पाणी आसा. हब उघडून स्टेटराक आणि मॅगनेटांक वॉर्निश मार दोन हात. आणि एक्सलातसून केबल येता थयसून पाणी आत जाता, ती बाजू जेटापासून लांबची ठेव, तोंड सिलिकॉनान बंद कर, केबल खाली लोंबती ठेव म्हणजे थेंब खाली पडतलो.

वाइंडिंगवाला
देवगडकर शंभर टक्के बरोबर. बेअरिंगपण तेव्हाच बदला, दोन्ही बाजूंना रबर सीलवाली घाला, पत्र्याच्या शील्डची नको.
आणि वरचीवाडीकर, इन्व्हर्टरमधून घरात वीज फिरवताना चेंजओव्हर स्विच लावा. आपली वीज उलटी लाईनवर गेली तर पोलवर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

वरचीवाडीकर
सगळ्यांचे आभार. ठरलं, हबच. पाइपाचे पैसे मोटरीच्या कितीतरी पट होतायत पण मास्तरांचा हिशोब बायकोला दाखवला, ४ युनिट ऐकून ती म्हणाली फ्रीज चालेल का. फ्रीज चालू होताना इन्व्हर्टर झेपेल का ते वेगळ्या धाग्यात विचारतो. खालच्या वाडीतल्या लोकांशीही बोललो, पऱ्याचं पाणी चाकाखालून परत पऱ्यातच सोडणार म्हटल्यावर कुणाची हरकत नाही, फक्त मे महिन्यात कोंड अडवायची नाही असं ठरलंय.
एकच लोचा झालाय. चाक फिरवून मीटर लावून बघितलं ना, त्या दिवसापासून भंगारवाल्याने भाव दुप्पट केलाय. म्हणतो, साहेब, ही लाईट बनवायची मोटर आहे, स्क्रॅपच्या भावात नाही मिळायची.

घाटमाथ्यावरचा
त्याला सांगा ट्रेडमिल घेतो, आणि ती उचलून काट्याकडे चालायला लागा. येईल हबच्या भावावर.

देवगडचो_वारो
तेच्याकडे आणि एक हब आसा काय रे? असलो तर ठेवूक सांग, सड्यार लावतंय. मास्तरांक काय सांगा नको.